समुद्र किती चढला? उपग्रहाच्या नोंदींतून मिलिमीटरपर्यंत पोहोचण्याची रीत

लाट दोन मीटरची, भरती तीन मीटरची, आणि मोजायचे आहेत वर्षाला चार मिलिमीटर. तेही १,३३६ किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असताना. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, आणि तो अविश्वास रास्त आहे. उपग्रहाची एकेक नोंद खरोखरच इतकी अचूक नसते. एका जागी एकदा केलेल्या मोजणीत तीन-चार सेंटिमीटरची चूक सहज असते. मिलिमीटर हाती लागतात ते लाखो नोंदींच्या सरासरीतून. सरासरी घेण्याआधी प्रत्येक नोंदीतली ओळखीची चूक काढून टाकावी लागते, आणि ती काढल्याचा पुरावाही ठेवावा लागतो. ही साखळी ज्याने एकदा स्वतः तपासली, त्याला समुद्रपातळीचा आलेख वेगळाच दिसतो.

हा लेख ती साखळी हाताने तपासून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे: विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार, किंवा नुसते चिकित्सक वाचक. जागतिक सरासरीचा आलेख काढायला स्प्रेडशीट पुरते. नकाशे आणि प्रादेशिक हिशेब करायचे तर थोडे पायथन यायला हवे.

१. आधी प्रश्न ठरवा

‘समुद्र किती वाढला’ हा एक प्रश्न नाही, त्यात तीन प्रश्न दडले आहेत. सगळ्या महासागरांची मिळून सरासरी पातळी किती चढली? एखाद्या समुद्रात किती चढली? आणि एखाद्या किनाऱ्यावर उभ्या माणसाला पाणी किती वर आलेले दिसते? पहिल्या दोन प्रश्नांना उपग्रह थेट उत्तर देतो, कारण तो पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतो. तिसऱ्या प्रश्नात जमीनही हलते. हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यामुळे स्टॉकहोमची जमीन अजून वर उचलली जात आहे, म्हणून तिथल्या धक्क्यावरच्या भरतीमापकाला समुद्र उतरताना दिसतो. जकार्तामध्ये भूजलाच्या उपशामुळे जमीन खचते, आणि काही भागांत ती समुद्राच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने खचते. कोणता प्रश्न घेतला आहे ते कागदावर लिहून ठेवा. पुढचे निम्मे निर्णय त्यावरच ठरतात.

२. उपग्रह नेमके काय मोजतो ते समजून घ्या

तो उंची मोजत नाही, वेळ मोजतो. रडार अल्टिमीटर खाली सरळ समुद्राकडे सूक्ष्मलहरींचे स्पंद सोडतो. ते पाण्यावरून परततात, आणि जाऊन येण्याचा वेळ नोंदला जातो. १,३३६ किलोमीटरच्या कक्षेतून हा वेळ साधारण ८.९ मिलिसेकंद भरतो. अंतरातला एक मिलिमीटर म्हणजे या वेळेतले सुमारे ६.७ पिकोसेकंद, आणि सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. एकच स्पंद इतका बारीक वाचता येत नाही. म्हणून सेकंदाला हजारो स्पंद सोडून त्यांचे प्रतिध्वनी एकत्र केले जातात.

परतलेल्या प्रतिध्वनीला आकार असतो. आधी लाटांच्या माथ्यांवरून थोडी ऊर्जा परतते, मग खळग्यांवरून, आणि मग हळूहळू ओसरते. चढत्या बाजूचा मधला बिंदू सरासरी पातळी सांगतो. चढ जितका आडवा, तितक्या लाटा उंच. परतलेल्या ऊर्जेच्या प्रमाणावरून वाऱ्याचा वेग काढतात. या आकारावर गणिती वक्र बसवून अंतर काढण्याच्या कामाला रीट्रॅकिंग म्हणतात. उघड्या समुद्रावर हे काम सोपे असते, किनाऱ्याजवळ अवघड होते, त्याकडे शेवटी येऊ.

दर सेकंदाची एक सरासरी नोंद धरली, तर जमिनीवरच्या वाटेवर दोन नोंदींमध्ये सुमारे सहा किलोमीटर अंतर राहते. दीर्घ मालिकेसाठी ज्या कक्षेत एकामागून एक उपग्रह सोडले जातात, त्या १,३३६ किलोमीटरच्या संदर्भ कक्षेतला उपग्रह दर ९.९ दिवसांनी त्याच वाटेवर परततो. विषुववृत्तावर शेजारच्या दोन वाटांमध्ये ३१५ किलोमीटरची फट असते, आणि वाटा ६६ अंश उत्तरेपासून ६६ अंश दक्षिणेपर्यंतच जातात. ध्रुवांजवळचा समुद्र या मालिकेत येत नाही. तिथे क्रायोसॅट-२सारखे वेगळ्या कक्षेतले उपग्रह लागतात.

३. कक्षा: आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कळायला हवे

उपग्रहापासून पाण्याचे अंतर कळले, पण उपग्रहच कुठे आहे हे न कळल्यास त्या अंतराला काही अर्थ नाही. कक्षेची उंची एक सेंटिमीटरने चुकली तर समुद्रही एक सेंटिमीटरने चुकतो. त्यासाठी तीन स्वतंत्र साधने एकाच वेळी वापरली जातात. जमिनीवरच्या प्रक्षेपक केंद्रांकडून येणारे डोरिस रेडिओसंकेत, जीपीएस, आणि जमिनीवरून लेसर सोडून उपग्रहावरच्या परावर्तकाकडून परत घेण्याची पद्धत. तिन्ही एकमेकांची चूक पकडतात, म्हणून उभ्या दिशेत एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पोहोचता येते.

हे काम तुम्हाला करावे लागत नाही, कक्षा तयार मिळते. मात्र उंची कोणत्या संदर्भ लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या आकाराला जुळणाऱ्या कोणत्या गणिती पृष्ठभागापासून दिली आहे ते पाहा. टोपेक्स या पहिल्या संदर्भ उपग्रहापासूनच्या मालिकेचा लंबगोल आणि जीपीएसमध्ये वापरला जाणारा डब्ल्यूजीएस-८४ यांत सुमारे ७० सेंटिमीटरचा फरक आहे. दोन फायली एकमेकींतून वजा केल्यावर सगळीकडे सारखी ७० सेंटिमीटरची ‘वाढ’ दिसली, तर समुद्राला दोष देऊ नका.

४. दुरुस्त्या: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

समुद्रपातळीच्या मोजणीचे खरे शास्त्र या पायरीत आहे. प्रकाशाचा वेग पोकळीत ठाऊक आहे, पण रडारचा स्पंद हवेतून जातो, आणि हवा त्याला उशीर करते. उशीर झाला की अंतर जास्त भासते, आणि समुद्र आहे त्यापेक्षा खाली दिसतो.

कोरड्या हवेचा उशीर सर्वांत मोठा, सुमारे २.३ मीटर. तो त्रासदायक मात्र नाही, कारण समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब माहीत असला की चांगला काढता येतो. बाष्पाचा उशीर लहान, काही सेंटिमीटरपासून चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत, पण त्याचा भरवसा नाही. बाष्प तासागणिक बदलते. म्हणून अल्टिमीटरच्या जोडीला सूक्ष्मलहरी रेडिओमीटर बसवलेला असतो, तो त्याच क्षणी खालच्या हवेतले बाष्प मोजतो. वर आयनमंडलातले मुक्त इलेक्ट्रॉनही उशीर करतात, पण वेगवेगळ्या वारंवारतेला वेगवेगळा. १३.६ गिगाहर्ट्झचा केयू पट्टा आणि ५.३ गिगाहर्ट्झचा सी पट्टा असे दोन स्पंद सोडले की त्यांच्या फरकातून हा उशीर कळतो. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २५ फेब्रुवारी २०१३ रोजी सोडलेल्या सरल उपग्रहावरचे अल्टिका हे उपकरण ३५.७५ गिगाहर्ट्झच्या केए पट्ट्यात चालते. त्या वारंवारतेला आयनमंडलाचा अडथळा फारच कमी होतो, पण पावसाचा त्रास वाढतो.

यानंतर लाटांचा पक्षपात. लाटेचा खळगा माथ्यापेक्षा रडारला जास्त परतावा देतो, म्हणून खवळलेला समुद्र किंचित खाली भासतो. ही चूक लाटांच्या उंचीच्या काही टक्के असते.

इथवरच्या दुरुस्त्या अंतराच्या झाल्या. पुढच्या दुरुस्त्या समुद्र खरोखर करतो त्या हालचालींच्या आहेत, फक्त त्या आपल्या प्रश्नात नकोत. महासागराची भरती-ओहोटी, चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीच्या कवचाला येणारी भरती, पृथ्वीचा अक्ष डुलल्याने येणारा एक-दोन सेंटिमीटरचा फरक, आणि हवेचा दाब. दाब एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येते.

एक नोंद प्रत्यक्ष सोडवून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण त्यांचे माप खरे आहे.

कक्षेची उंची: १३,३६,०००.०० मीटर
मोजलेले कच्चे अंतर: १३,३६,०५२.७० मीटर
कोरड्या हवेचा उशीर: २.३० मीटर
बाष्पाचा उशीर: ०.२१ मीटर
आयनमंडलाचा उशीर: ०.०७ मीटर
लाटांचा पक्षपात: ०.०८ मीटर

चारही उशिरांची बेरीज २.६६ मीटर. ती कच्च्या अंतरातून वजा केली की १३,३६,०५०.०४ मीटर उरतात. कक्षेच्या उंचीतून हे अंतर वजा केले की समुद्राची उंची येते उणे ५०.०४ मीटर, म्हणजे पाणी संदर्भ लंबगोलाच्या पन्नास मीटर खाली. दचकू नका. पृथ्वीचे गुरुत्व सगळीकडे सारखे नाही, आणि शांत समुद्रसुद्धा त्यानुसार उंचसखल असतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो लंबगोलाच्या शंभरहून अधिक मीटर खाली आहे.

आता सर्व प्रकारच्या भरत्यांचे ०.४५ मीटर आणि कमी दाबामुळे वर आलेले ०.०६ मीटर वजा करा: उणे ५०.५५. त्या जागेची अनेक वर्षांची सरासरी पातळी समजा उणे ५०.६२ आहे. दोन्हींतला फरक अधिक ०.०७ मीटर. म्हणजे त्या दिवशी त्या जागी समुद्र नेहमीपेक्षा सात सेंटिमीटर वर होता. या फरकाला पातळीची विसंगती म्हणतात, आणि पुढचा सगळा हिशेब हिचाच.

फायलींमध्ये दुरुस्त्यांची चिन्हे बहुधा उणे असतात आणि त्या अंतरात मिळवायच्या असतात. वरच्या उदाहरणात मी त्या अधिक लिहून वजा केल्या. चिन्ह उलटे पडले की चूक दुप्पट होते, तेव्हा एक नोंद अशीच कागदावर सोडवा, फायलीतल्या तयार विसंगतीशी ताडून पाहा, आणि मगच पुढे जा.

भरतीबद्दल एक खास सूचना. चांद्रभरती दर १२.४२ तासांनी येते, आणि आपला उपग्रह त्या जागी दर ९.९ दिवसांनी एकदाच डोकावतो. अशा विरळ पाहण्यामुळे वेगवान भरती सावकाश लाटेच्या रूपात दिसते: चांद्रभरती सुमारे ६२ दिवसांची, सौरभरती सुमारे ५९ दिवसांची. भरतीच्या प्रतिमानात थोडीशी चूक राहिली तरी ती या मुदतीच्या डुलण्याने आलेखात उमटते. जागतिक सरासरीच्या आलेखात साधारण दोन महिन्यांची बारीक थरथर दिसते, तिचे एक कारण हे आहे.

५. कोणत्या फायली घ्यायच्या

नवख्याने वरच्या सगळ्या दुरुस्त्या स्वतः करण्याचा हट्ट धरू नये. दुरुस्त केलेले आकडे विनामूल्य मिळतात. युरोपची कोपर्निकस सागरी सेवा, फ्रान्सची अविसो, नासाचा पीओडॅक हा संग्रह, आणि अमेरिकेची हवामान-महासागर संस्था नोआ, अशी ठिकाणे आहेत. फायली बहुधा नेटसीडीएफ स्वरूपात असतात. त्या नुसत्या उघडून पाहायला नासाचे पॅनोप्ली पुरते, हिशेबासाठी पायथनचे एक्सअॅरे सोयीचे.

तीन पातळ्यांवर काम करता येते. सर्वांत सोपी, जागतिक सरासरीची तयार मालिका: एका स्तंभात दिनांक, दुसऱ्यात मिलिमीटर. मधली, अक्षांश-रेखांशाच्या जाळीवरचे नकाशे. सर्वांत कष्टाची, वाटेवरच्या मूळ नोंदी. त्यात प्रत्येक दुरुस्ती वेगळी दिलेली असते आणि हवी ती बदलून पाहता येते.

जाळीवरचे नकाशे घेताना एका फरकाकडे फार जण दुर्लक्ष करतात. काही नकाशे त्या दिवशी आकाशात असतील तितक्या सर्व उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून बनवतात. भोवरे, प्रवाह, एखाद्या दिवसाची स्थिती पाहायला ते उत्तम. पण कधी दोन उपग्रह, कधी सहा, अशी संख्या बदलत राहिल्याने दीर्घकालीन कल काढायला ते कमी भरवशाचे. कोपर्निकसच्या हवामानबदल सेवेचे नकाशे मुद्दाम कायम दोनच उपग्रहांवर बेतलेले असतात. बारकावे कमी, स्थैर्य जास्त. कल काढायचा असेल तर हेच घ्या.

फायलीसोबतची माहितीपुस्तिका वाचा. विसंगती कोणत्या काळाच्या सरासरीपासून मोजली आहे, आणि पुढे येणाऱ्या दोन सुधारणा (टोपेक्स-एची आणि हिमयुगानंतर खोल होणाऱ्या समुद्रतळाची) आधीच लावल्या आहेत की नाहीत, एवढे तरी त्यातून टिपून घ्या.

६. सरासरी घेताना पृथ्वी गोल आहे हे विसरू नका

पाव अंशाच्या जाळीत १,४४० गुणिले ७२० चौकटी असतात, आणि स्क्रीनवर त्या सगळ्या सारख्या दिसतात. प्रत्यक्षात ६० अंश अक्षांशावरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्म्या क्षेत्राची असते. म्हणून प्रत्येक चौकटीला तिच्या अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्यायचे, मग बेरीज करायची, आणि वजनांच्याच बेरजेने भागायचे. माझ्या पहिल्या आलेखात हे वजन द्यायचे राहिले होते. रेषा छान चढत होती, आकडाही संभवनीय वाटत होता, म्हणूनच चूक सापडायला आठवडा लागला. तेव्हापासून मी आधी सगळ्या चौकटींत एकच आकडा भरून सरासरी तोच येते का ते पाहतो. मग प्रत्येक चौकटीत तिच्या अक्षांशाच्या कोसाइनचा वर्ग भरून येणारे उत्तर हाताने काढलेल्या उत्तराशी ताडतो. पहिली चाचणी भागाकार तपासते, दुसरी वजन तपासते.

रिकाम्या चौकटी शून्य धरू नका, त्या वगळा. समुद्रबर्फ असलेल्या चौकटी ऋतूनुसार येतात-जातात, म्हणून ६६ अंशांपलीकडचा भाग सरसकट सोडून दिलेला बरा. एका फेरीत, म्हणजे दहा दिवसांत, एकट्या संदर्भ उपग्रहाच्या समुद्रावरच्या पाच लाखांहून अधिक एकसेकंदी नोंदी जमतात. त्यांच्या सरासरीची चूक काही मिलिमीटरवर येते. लाखो नोंदी घेऊनही चूक शून्यावर का येत नाही? कारण त्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. रेडिओमीटर सरकला तर सगळ्या एकाच दिशेने चुकतात, आणि अशी चूक सरासरीने मरत नाही.

७. उपग्रह जोडणे: आलेखाचे सगळ्यात नाजूक सांधे

टोपेक्स-पोसायडन १० ऑगस्ट १९९२ रोजी सुटला. त्यानंतर जेसन-१ डिसेंबर २००१ मध्ये, जेसन-२ जून २००८ मध्ये, जेसन-३ जानेवारी २०१६ मध्ये, सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक नोव्हेंबर २०२० मध्ये, आणि सेंटिनेल-६बी नोव्हेंबर २०२५ मध्ये. सगळे एकाच संदर्भ कक्षेसाठी. प्रत्येक अल्टिमीटरला स्वतःचा काही सेंटिमीटरचा ठरावीक सरक असतो, जसा दोन काट्यांवर एकच पिशवी थोडी वेगळी भरते. म्हणून जुन्या उपग्रहाच्या मागोमाग नवा त्याच वाटेवर सोडतात. जेसन-१ टोपेक्सच्या सुमारे सत्तर सेकंद अंतराने उडाला, सेंटिनेल-६ जेसन-३च्या तीस सेकंद मागून, तोही वर्षभर. अर्ध्या-एक मिनिटात समुद्र बदलत नाही, बाष्प बदलत नाही, तेव्हा दोघांच्या नोंदींत जो फरक दिसेल तो उपकरणांचा. तो मिलिमीटरपर्यंत काढता येतो, आणि मगच दोन मालिका जोडता येतात.

तुम्ही वेगवेगळ्या उपग्रहांच्या मालिका स्वतः जोडणार असाल, तर ओव्हरलॅपच्या काळातला सरासरी फरक काढा आणि नव्या मालिकेतून तो वजा करा. नुसती शेवटची आणि पहिली नोंद जुळवू नका, त्या एका फेरीतली चूक कायमची आलेखात शिरते. आणि या जोडकामावरून एक गोष्ट लक्षात ठेवा: मध्ये एक उपग्रह वेळेवर सुटला नसता, तर तीन दशकांची एक मालिका उरली नसती, दोन तुटक मालिका उरल्या असत्या. या साखळीसाठी ज्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

टोपेक्सचीच एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्यावर अल्टिमीटरचे दोन संच होते. पहिला संच, ए बाजू, हळूहळू बिघडत गेला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये बी बाजू चालू करावी लागली. ए बाजूच्या काळात, म्हणजे नेमक्या सुरुवातीच्या सहा वर्षांत, मोजणी थोडी सरकलेली होती आणि तिने तेव्हाची वाढ प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली. परिणाम उलटा झाला. सुरुवातीचा वेग फुगल्याने नंतरचा वेग त्यामानाने वाढलेला दिसेना, आणि समुद्र एकसारख्या गतीने चढतो आहे असे वाटत राहिले. भरतीमापकांशी ताडून ही सरक दुरुस्त झाल्यावर, २०१५ ते २०१८ दरम्यानच्या अभ्यासांत, वाढीचा वेगच वाढत असल्याचे स्पष्ट झाले. स्टीव्ह नेरेम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे त्वरण वर्षाला ०.०८४ मिलिमीटर इतके काढले, म्हणजे दरवर्षी वेगात एवढी भर. तुमच्या फायलीत टोपेक्स-ए दुरुस्ती आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय त्वरणाबद्दल एक अक्षर लिहू नका.

८. कल काढा, आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा

जागतिक सरासरी वर्षभरात काही मिलिमीटर खालीवर होते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, तिथला हिवाळ्यातला बर्फ आणि साठलेले पाणी पुढे समुद्रात येते, आणि सरासरी पातळी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत वर जाते. म्हणून थेट सरळ रेषा न बसवता एकाच वेळी या गोष्टी बसवा: एक स्थिरांक, एक वेग, एक त्वरण, वार्षिक साइन-कोसाइन आणि सहामाही साइन-कोसाइन. काळाचा शून्य मालिकेच्या मध्यावर ठेवा, म्हणजे वेग आणि त्वरण एकमेकांत गुंतत नाहीत.

त्वरणाच्या पदाला अर्धा गुणक लावायचा असतो, शाळेतल्या गतीच्या समीकरणासारखाच. तो न लावता काळाच्या वर्गाचा नुसता गुणांक घेतला तर उत्तर ०.०८४ऐवजी ०.०४२ येते, आणि छापील आकड्याशी का जुळत नाही म्हणून माणूस हैराण होतो.

हिशेब नीट झाला तर १९९३पासूनचा सरासरी वेग वर्षाला साधारण ३.३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. सुरुवातीला तो दोन मिलिमीटरच्या थोडा वर होता, २०२३पर्यंत साडेचारच्या आसपास पोहोचला. तीस वर्षांची एकूण वाढ दहा सेंटिमीटरहून थोडी अधिक.

आता अनिश्चितता. स्प्रेडशीट रेषेसोबत जी अनिश्चितता देते ती फारच लहान असते, कारण ती प्रत्येक नोंद स्वतंत्र धरते. तिच्यावर विसंबू नका. उपकरणांची सरक, कक्षा, बाष्प हे सगळे धरून तज्ज्ञ वेगाची अनिश्चितता वर्षाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर देतात, तीच लिहा. शिवाय एक साधी चाचणी करा: सुरुवातीची दोन वर्षे कापून कल काढा, मग शेवटची दोन कापून. आकडा किती हलतो ते पाहिले की स्वतःच्या निष्कर्षाची ताकद आपोआप कळते.

दहा वर्षांपेक्षा छोट्या तुकड्यावरून कधीच बोलू नका. १९९७-९८च्या एल निन्योत पातळी कलाच्या वर उसळली. उलट २०१०-११च्या ला निन्यात ती सुमारे पाच मिलिमीटर खाली आली, कारण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेसारख्या ठिकाणी इतका पाऊस पडला की समुद्रातले पाणी काही काळ जमिनीवर मुक्कामाला गेले. तेवढाच तुकडा कापून दाखवला तर समुद्र उतरतो आहे असेही ‘सिद्ध’ करता येते, आणि तसे करणारे भेटतातही.

राहिली दुसरी सुधारणा. हिमयुगानंतर पृथ्वीच्या पोटातला खडक अजून सरकतो आहे, त्यामुळे महासागरांचे तळ सरासरीने किंचित खोल होत आहेत. भांडे मोठे होत असताना पातळी मोजतो आहोत, म्हणून पाण्याचे आकारमान किती वाढले हे सांगायचे तर वर्षाला सुमारे ०.३ मिलिमीटर मिळवावे लागतात. काही मालिकांत ते आधीच मिळवलेले असतात. दोनदा मिळवले की एक दशांश वाढ फुकटची येते.

९. ताळा: दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येते का

उपग्रहाची रोजची परीक्षा जमिनीवर होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचा हार्वेस्ट तेलमंच, कॉर्सिकातले सेनेतोसा, ऑस्ट्रेलियाची बास सामुद्रधुनी, क्रीटजवळचे गावदोस ही मुद्दाम उभारलेली पडताळणीची ठिकाणे. तिथे पाण्याची पातळी आणि जमिनीची हालचाल दोन्ही मोजतात, आणि उपग्रह वरून गेला की दोन्ही आकडे समोरासमोर ठेवतात. जगभरातल्या भरतीमापकांच्या दीर्घ नोंदी पीएसएमएसएल ही १९३३पासूनची संस्था जपते, आणि त्या कुणालाही उतरवून घेता येतात.

दुसरा ताळा मला जास्त सुंदर वाटतो. समुद्र दोनच कारणांनी चढतो: पाणी तापून फुगते, किंवा जमिनीवरचे पाणी-बर्फ समुद्रात येते. पहिले आर्गो तरंगक मोजतात. जवळपास चार हजार यंत्रे २,००० मीटर खोलीपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी तापमान आणि क्षारता कळवतात. दुसरे ग्रेस आणि २०१८पासून ग्रेस-एफओ या उपग्रहजोड्या गुरुत्वातल्या बदलावरून तोलतात. सुमारे ३६० अब्ज टन पाणी समुद्रात आले की पातळी एक मिलिमीटर चढते. दोघांची बेरीज अल्टिमीटरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. तीन वेगवेगळी यंत्रणा, तीन वेगवेगळी तत्त्वे, आणि अनेक वर्षे ती जुळत आली.

२०१६नंतर मात्र ताळा बिघडला. संशोधकांनी ते झाकले नाही, शोध घेतला. काही आर्गो तरंगकांचे क्षारतेचे संवेदक सरकले होते, आणि जेसन-३च्या रेडिओमीटरच्या बाष्पमोजणीवरही बोट ठेवले गेले. सेंटिनेल-६च्या रेडिओमीटरला म्हणूनच स्वतःची पडताळणी करणारी व्यवस्था सोबत दिली आहे. तुमच्याही हिशेबात ताळा जुळला नाही, तर मालिका टाकून देऊ नका. कोणत्या वर्षापासून फाटा फुटतो ते पाहा. बहुतेक वेळा त्या वर्षी एखादे उपकरण बदललेले सापडते.

१०. किनाऱ्याजवळ पावले जपून टाका

ज्यांना फक्त जागतिक सरासरी हवी त्यांचे काम इथे संपले. किनाऱ्याकडे वळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की रडारचा ठसा काही किलोमीटर रुंद असतो. किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटरच्या आत त्यात जमीन, शांत खाड्या, वाळूचे पट्टे मिसळतात, आणि प्रतिध्वनीचा आकार विद्रूप होतो. रेडिओमीटरचा ठसा त्याहून मोठा, त्यामुळे त्याची बाष्पमोजणी आणखी आधी बिघडते. जाळीवरच्या नकाशात किनाऱ्यालगतच्या चौकटीत आकडा असतो, पण तो बराचसा बाहेरच्या समुद्रावरून ओढून आणलेला असतो.

क्रायोसॅट-२, सेंटिनेल-३ आणि सेंटिनेल-६ डॉपलर पद्धतीने वाटेच्या दिशेतला ठसा सुमारे ३०० मीटरपर्यंत अरुंद करतात. किनाऱ्यासाठी खास रीट्रॅकिंग केलेल्या फायलीही मिळतात, त्या शोधा. १६ डिसेंबर २०२२ रोजी सुटलेल्या स्वॉट उपग्रहाने तर एका रेषेऐवजी दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटरचे पट्टे मोजायला सुरुवात केली. किनाऱ्याचे आणि भोवऱ्यांचे बारकावे त्यात अभूतपूर्व दिसतात. पण त्याची मालिका अजून लहान आहे, कल काढायला ती वापरू नका.

किनाऱ्याचा आकडा सांगताना उपग्रहाच्या वाढीत जमीन खचण्याचा वेग मिळवा, किंवा जमीन उचलली जात असेल तर वजा करा. तो वेग भरतीमापकाशेजारच्या कायमच्या जीपीएस केंद्रावरून घ्या. भरतीमापकाशी तुलना करताना आठव्या पायरीतले ०.३ मिलिमीटर मिळवायचे नसतात, आणि दाबाची दुरुस्तीही दोन्हीकडे सारखी हवी. एकीकडे ठेवली आणि दुसरीकडे काढली, तर वादळी ऋतूत दोन मालिका विनाकारण भांडतात.

शेवटी एक सवय. नवे आकडे आले की जुन्या फायलीला शेपूट जोडू नका, संपूर्ण मालिका पुन्हा उतरवा. कक्षा, भरतीची प्रतिमाने, रेडिओमीटरच्या दुरुस्त्या सुधारतात तशी १९९३ची नोंदसुद्धा नव्याने काढली जाते. जुनी फाइल दिनांक घालून जपून ठेवा, आणि दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवून फरक कुठे पडला ते पाहा.